म्हशीचं डोकं न दिसणारं घर

बाबांनी माझ्याकडे आजवर दोनच गोष्टी मागितल्या. मी नोकरीला लागले तेव्हा पावसाळी बूट, आणि मागच्या माघात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, गावदेवीपुढे फोडायला एक नारळ. बूट मी पहिल्या पगारात घेऊन दिले. नारळाला दोन महिने लागले.

झालं असं, की शहापूरला एका लग्नात बाबांच्या पंगतीला चाळिशीचा एक माणूस बसला होता. बोलता बोलता तो बाबांच्या मूळ वाडीचा निघाला. ही वाडी मुरबाडच्या अंगाला, सरळगाव मागे टाकून डोंगराकडे आत गेलं की लागते. बाबा सात वर्षांचे असताना आजोबांना रेल्वेच्या गँगमध्ये काम मिळालं आणि सगळं बिऱ्हाड आटगावच्या गँगचाळीत आलं. पुढे बाबा वाशिंदच्या कारखान्यात लागले, मी तिथेच दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर झाले. वाडीकडे परत कुणी गेलं नाही. मे महिन्यात चाळीतले सगळे गावाला जायचे आणि जाताना बाबांना विचारायचे, तुम्ही कधी निघणार? बाबा म्हणायचे, "आमचं इथंच." गाडीभाडं वाचलं म्हणून ते खूश असतील असं मला लहानपणी वाटायचं. पुढेही त्याच्यावर फार विचार केला नाही.

तर त्या पंगतीत तो माणूस म्हणाला, की गावदेवीच्या देवळावर यंदा नवे पत्रे चढले आहेत, आणि चैत्रातल्या पूजेला बाहेर गेलेली घरंही पुन्हा धरायचं ठरलं आहे. पूजेला दर घरामागे एक नारळ फुटतो. भगत एकेका घराचं नाव पुकारतो, त्या घरातल्या माणसाने नारळ पुढे करायचा, एक वाटी देवीला आणि एक घरी. जे घर गाव सोडून गेलं त्याचं नाव गळतं. आता ते परत घ्यायचं तर अट एकच, आपलं जोतं दाखवायचं. जोतं म्हणजे घराखालचा दगडमातीचा ओटा. आमच्याकडची जुनी घरं लाकडाची, कारवीच्या कुडाची. माणसं उठली की लाकडं काढून नेतात, कूड पावसात विरघळतो आणि मागे उरतं ते जोतं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तेवढा एक नारळ फोडायचा आहे. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही."

मी आधी तलाठ्याकडे गेले. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्याची जमीन कसत होते, घर गावठाणात होतं, त्याची नोंद कोण ठेवणार? कागद संपले, म्हणून मग एका रविवारी इको गाडी ठरवून आम्ही दोघं वाडीत गेलो.

वाडी चांगली निघाली. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, पाण्याची सिमेंटची टाकी. लग्नातला माणूस वाट बघत होता. तो पूजेच्या कमिटीचा प्रमुख. चहा झाला, पोहे झाले, मग तो आम्हाला टाकीमागच्या मोकळ्या तुकड्यावर घेऊन गेला.

"काका, हा तुमचा. लोक सांगतात इथं जुना घर व्हता म्हणून."

"कोणाचं?"

"आता कोणाचा ते कोण सांगणार? तुमचाच आसल. बाकी कोणी मागत नाय."

मला हे चाललं असतं, खरं सांगते. मोकळी जागा होती, आक्षेप घेणारं कुणी नव्हतं, दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता आलं असतं. मी "हो, हीच" असं म्हणूनही टाकलं. बाबा मात्र तिथे उभे राहून वर-खाली बघत होते.

"आमच्या घराच्या पाठीशी डोंगर होता," ते म्हणाले. "इथे तो तोंडावर आहे."

"काका, सत्तर वर्षं झाली. यादीत शेवटी घालतो तुमाला, कोण मोजतोय?"

"मी मोजतोय," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या जोत्यावर उभं राहून नारळ फोडायचा नाही."

त्या माणसाने वाईट वाटून घेतलं नाही. त्याने मला यादीची वही दाखवली. मी सवयीने वाचली. पहिलं नाव रस्त्याच्या शेवटच्या घराचं, दुसरं मधल्याचं, तिसरं देवळाजवळचं. एका ओळीत काही नाही.

"हा क्रम कसला?" मी विचारलं.

"पयल्यापासून असाच आहे, ताई. कोणी इचारत नाय."

परतताना गाडीत मी बाबांवर चिडले. मिळत होतं ते घ्यायचं सोडून डोंगर पुढे का मागे हे काय काढलंत, म्हटलं. किन्हवलीला ते म्हणाले, "तुमच्या पॅकिंगमध्ये चुकीचा माल पेटीत भरलात आणि वर बरोबर चिठ्ठी लावलीत, तर तू सही करशील?"



दुसऱ्या दिवशी मी आत्याला फोन केला. आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, मुरबाडला मुलाकडे असते. कानांनी थोडी कमी, तोंडाने जराही नाही.

"कशाला पायजे तुला ती जागा? सोन्याचा हंडा पुरलाय काय तिथं?"

"बाबांना नारळ फोडायचाय, आत्या. पण ते म्हणतात डोंगर पाठीशी होता, आणि आम्ही गेलो तिथे तर समोर आहे."

"तुमी कुठं गेलात?"

मी सांगितलं. रस्ता, टाकी, देऊळ.

आत्या इतकी हसली की तिला खोकला लागला. "अगो, ती वाडी नव्हंच! ती खाली आलेली. रस्ता झाला तशी सगळी लोकं वरनं उठली नि रस्त्याला येऊन बसली. भांडी आणली, लाकडं आणली, देवी आणली, वाडीचा नाव पण उचलून खाली आणला. तुज्या बापाला कोणी सांगितला नाय?"

"तू नाही सांगितलंस."

"मला कोणी इचारला नाय."

म्हणजे आम्ही नाव शोधत गेलो होतो आणि ते आम्हाला बरोबर सापडलं होतं. घर मात्र डोंगरात वर होतं. बाबा वाडी उठण्याच्या वीसेक वर्षं आधी निघाले, त्यामुळे त्यांना हे कळायचं कारणच नव्हतं. खालच्या तरुण पिढीने वरचं गाव पाहिलेलं नव्हतं.

"आपलं घर ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"उखळावरनं. आमची आई डावरी. तिचा हात भिंतीला आपटायचा. मग बाबांनी उखळ दुसऱ्या अंगाला पुरला. सगळ्यांच्या घरात शिरला की उजव्या हाताला उखळ, आमच्या घरात डाव्या. आजी मरेस्तवर बोलत व्हती, हिच्यापायी माजा घर उलटा केला म्हणून."

उखळ म्हणजे भात कांडायचा खळगा असलेला दगड. तो जमिनीत पुरलेला असतो, आणि घर उठलं तरी तो उपटून न्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ही खूण मला पटली. तिची तपासणी करता येणार होती.

फाल्गुनात पानगळ पुरी झाली, तेव्हा मी एकटीच गेले. कमिटीवाल्याची आई रोज पहाटे मोहाची फुलं वेचायला वर जाते, तिच्याबरोबर निघाले. ती सत्तरीची, पायात प्लॅस्टिकची चप्पल, डोक्यावर रिकामी पाटी. मी खराटा, मोजपट्टी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. खराटा बघून ती म्हणाली, "डोंगर झाडाया आलीस काय गो?"

"हो. सगळा नाही, जोती तेवढी."

चढाला पाऊण तास लागला. वर डोंगराच्या कुशीत एक सपाट पट्टा, ऐन आणि सागाची झाडं, गुडघाभर पाला. पहिल्या नजरेला काहीच दिसलं नाही. मग तिने पायाने पाला सारला आणि दगडांची सरळ कड दिसली. एकदा एक दिसलं की बाकीची दिसू लागली. उतारावर एकाखाली एक सोळा जोती होती.

ती लग्न होऊन इथेच आली होती आणि वाडी उठायच्या आधी दोन पावसाळे इथे राहिली होती. वरच्या जोत्यापासून खाली येत ती प्रत्येकाचं घर सांगत गेली. चौथ्या-पाचव्या नावाला मी थांबले. हे मी आधी कुठेतरी याच क्रमाने वाचलं होतं. त्या वहीत! देवीपुढचे नारळ अजून वरच्या उताराने फुटत होते. लोक खाली येऊन जागा मिळेल तिथे बसले, पण नारळाची रांग त्यांनी बदलली नाही, आणि का बदलली नाही हे विसरून गेले.

"शेवटी घालतो" म्हणजे बाबांना कुठे घातलं असतं, हेही मला तेव्हा कळलं. सोळाव्या जोत्याच्या खाली ओहोळाची घळ होती.

सोळापैकी बारा तिला माहीत होती. "ही चार मी आली तवाच रिकामी व्हती," ती म्हणाली. "जोत्यावर भोपळं लावायचो."

मी चार झाडून काढली. एकात उखळ मिळालंच नाही. बाकी तिघांत मिळालं, पण पुढची अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. डावं-उजवं ठरवायला आधी दार हवं. आणि दार तर कधीच कुणाच्या तरी चुलीत गेलेलं. मी मोजपट्टी हातात धरून उभी राहिले. म्हातारी पाटीत फुलं वेचत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय झाला?"

मी सांगितलं.

"चर बघ ना. डोंगराकडनं पावसाचा पाणी घरात शिरू नये म्हणून मागनं चर खणतात. चराच्या उलट्या अंगाला दार."

चर बुजले होते, पण खराट्याने काढल्यावर उमटले. एका जोत्याचं उखळ उजवीकडे निघालं. उरली दोन, पाचवं आणि अकरावं. दोन्हींचं उखळ डावीकडे.

"दोन डावऱ्या?" मी म्हणाले.

"एवढ्या वाडीत एकच डावरी कशी आसल गो?"

पाचवं जोतं म्हातारीच्या सासरच्या जोत्याला, म्हणजे चौथ्याला, लागून खाली होतं. अकरावं बरंच दूर, पण मोठं आणि चांगलं राहिलेलं. आत्याने शेजाऱ्यांचं एक टोपणनाव सांगितलं होतं, ते मी विचारलं. म्हातारीने ते कधी ऐकलं नव्हतं. मी दोन्ही जागांचे फोटो काढले, मापं घेतली आणि खाली आले.

बाबांनी फोटो मोठे करकरून पाहिले. मग मोबाईल परत दिला. "फोटोत बसता येत नाही," म्हणाले. "मला तिथे बसावं लागेल."

त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं. डॉक्टरांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. दोन आठवड्यांनी सकाळी निघालो. मुरबाडला आत्याही गाडीत येऊन बसली, सांगितलेलं नसताना. वाडीत उतरल्यावर तिने म्हातारीच्या ओटीवर बैठक मारली. "मी काय चढत नाय. जे गावंल ते खाली घेऊन या."

कमिटीवाल्याने बाबांना मोटरसायकलवर जंगलवाटेने जमेल तितकं वर नेलं. राहिलेली वाट दहा मिनिटांची होती, आम्हाला तासभर लागला. प्रत्येक वळणावर बाबा काठी टेकून थांबत. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी बघत होते.

आधी अकरावं जोतं. बाबा दारासमोरच्या पायरीच्या दगडावर बसले आणि समोर बघत राहिले. समोर दरी, पलीकडे दुसरा डोंगर, त्याच्या अंगावर एक मोठा काळा खडक. बसलेल्या म्हशीसारखा, पाठ, पोट आणि पुढे झुकलेलं डोकं.

"हे नाही," बाबा म्हणाले. "इथून म्हशीला डोकं आहे."

चढाने त्यांचं काही बिघडलं की काय, असं वाटलं. मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही, उठून पाचव्या जोत्याकडे चालू लागले. तिथली पायरी पाल्यात निम्मी गाडली गेली होती. त्यांनी काठीने पाला उकरला, बसले, आणि समोर पाहिलं.

मग हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत.

"ये, बस," ते मला म्हणाले. मी शेजारी बसले. समोर तोच खडक, पाठ, पोट. पण आमच्या बाजूच्या उताराची एक सोंड मध्ये यायची, आणि म्हशीचं डोकं तिच्या आड जायचं. नुसतं धड.

"शेजाऱ्यांच्या दारातून आख्खी दिसायची," बाबा म्हणाले. "त्यांची पोरं रोज चिडवायची. तुमच्या घरातून म्हशीला डोकं नाय, तुमची म्हैस मेलेली. मी आईकडे जाऊन रडायचो, घर थोडं सरकव म्हणून."

कमिटीवाला मागे उभा होता. तो चौथ्या जोत्यावर गेला, मोजून बारा पावलं. तिथे दारासमोर उकिडवा बसला आणि ओरडला, "काका! हाय! डोका हाय!"

"असणारच," बाबा म्हणाले.

तो परत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "म्हंजे तुमाला चिडवायचे ते आमचे?"

"तुझा बाप आणि त्याच्या दोन बहिणी. तुझा बाप फार वाईट चिडवायचा."

"आमालापण चिडवायचा," तो म्हणाला. "तुमी एकटे नाय."

मी खराट्याने उखळ पुन्हा साफ केलं. बाबा वाकले, आत हात घातला, खळग्याच्या बुडाला बोटं टेकवली आणि काढून घेतली. त्यांना उठवून घेताना वजन नेहमीपेक्षा कमी लागलं, एवढं मला आठवतं. कदाचित ते स्वतःच उठत असतील.

जोतं पाच जणांनी बघावं लागतं. कमिटीवाला आणि मी धरून दोन. त्याने फोन करून तिघांना खालून बोलावलं. उन्हात वर यावं लागलं म्हणून ते कुरकुरत आले, पायरीवर कुंकू लावलं आणि प्रत्येकाने एकदा बसून म्हशीची खात्री करून घेतली. एक जण तर चौथ्या आणि पाचव्या जोत्यांमध्ये तीनदा गेला-आला.

खाली आल्यावर वही उघडली. चौथ्या नावाखाली जागा नव्हती, कमिटीवाल्याने दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात लिहायला घेतलं. "घराचा नाव काय लिहू?"

बाबा विचार करत होते, तेवढ्यात ओटीवरून आत्या म्हणाली, "डावरीचं घर लिही. आजीला चालला नसता, पण ती काय आता येत नाय."

तसं लिहिलं गेलं.

चैत्रात पूजेला गेलो. बाबांनी नवा सदरा घातला होता, त्याची किंमत लावलेली चिठ्ठी मी देवळाच्या दारात काढली. भगत पुकारत होता, माणसं पुढे होत होती, नारळ फुटत होते. चौथ्या घराला कमिटीवाला पुढे झाला. मग भगत वहीवर वाकला, बारीक अक्षर त्याला दिसेना, शेजारच्याने कानात सांगितलं.

"डावरीचं घर!"

बाबा पुढे गेले. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. एका ठोक्यात दोन वाट्या झाल्या. बाजूला उभा असलेला कमिटीवाला हळूच म्हणाला, "काका, डोका आमचा, बाकी म्हैस तुमची." बाबांनी त्याच्या पाठीत काठी घातली, हलकेच.

आपल्या वाटीची अर्धी आत्याने मुरबाडला उतरताना मागून घेतली. उरलेला तुकडा बाबांनी वाशिंदपर्यंत रुमालात धरून आणला. इमारतीच्या फाटकाशी वॉचमनने विचारलं, "काका, आज कुठून?"

"गावाहून आलो," बाबा म्हणाले, आणि त्याला त्यातला थोडा खोबऱ्याचा तुकडा मोडून दिला.

वर आल्यावर उरलेलं खोबरं मी लगेच खवून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं. उन्हाळ्यात नारळ बाहेर राहिला की खवट होतो. बाबा खुर्चीत बसून कॅलेंडर चाळत होते, पुढच्या चैत्राची पानं त्यात नाहीत म्हणून कुरकुरत होते. दिवाळीनंतर नवीन मिळेल, म्हटलं, आणि चहा टाकला.